वजनाच्या ऑपरेशननंतरचा घाम आणि अंगाचा वास: आधी काय करायचं, नंतर काय

गेल्या मे महिन्यात पाचोऱ्याहून माझी नणंद आली होती. स्लीव्हचं (जठराचा मोठा भाग कापून पोट लहान करायचं) ऑपरेशन होऊन ५ महिने झालेले, वजन २८ किलोंनी उतरलेलं, तरी घरातल्याच लग्नाला यायला तयार नव्हती. म्हणाली, "वहिनी, दिवसातून तीनदा आंघोळ करते, तरी वास जात नाही. लोक लांब बसतात." मी दार लावून तिला पोटाची घडी उचलायला सांगितली. आत पावडरचा ओला, करड्या रंगाचा लगदा साचला होता, कणकेसारखा. तो पुसल्यावर खाली कातडी लालबुंद, मधोमध एक चीर. तीन वेळा आंघोळ, प्रत्येक वेळी अंग ओलं असतानाच वरून पावडर आणि लगेच पोटाचा पट्टा.

तिनं कष्ट कमी घेतले नव्हते, क्रम चुकला होता. माझं स्वतःचं बायपास (हृदयाचं नव्हे, वजनाचंच: पोट लहान करून आतडं वळवून जोडतात ते) होऊन ४ वर्षं झाली आणि तेव्हापासून ऑपरेशन झालेल्या ओळखीच्या बायका-माणसांना मी हेच सांगत आले आहे: ओळखा, धुवा, सुकवा, मग लावा. बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. दुकानातून डिओ आणतात, पावडर आणतात, खाजेची ट्यूब आणतात, आणि ओल्या कातडीवर एकावर एक थापतात. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तिथे ही चूक आठवड्याभरात अंगावर दिसते.

खाली पायऱ्या ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं करा.

१. धोक्याचा घाम आधी वेगळा काढा

सगळा घाम उकाड्याचा नसतो. पुढच्या पायऱ्यांना हात घालण्याआधी या चार गोष्टी तपासा.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत घामाबरोबर ताप, बसल्या जागी नाडी १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही असेल तर टाक्याची जागा आतून गळत असण्याची किंवा जंतुसंसर्गाची शक्यता असते. सर्जनला त्याच तासाला फोन लावा. ऑपरेशन नाशिक, पुणे, सुरत, इंदूर कुठेही झालेलं असो, फोन लागेपर्यंत जवळच्या मोठ्या दवाखान्याकडे निघा. १०८ ला फोन करा. "गॅस धरला असेल" म्हणून ओवा खात सकाळची वाट पाहू नका.

थंडगार घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी, एकदम भूक: ही साखर उतरल्याची खूण आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असणाऱ्यांना हे लवकर होतं, कारण ऑपरेशननंतर साखर झपाट्यानं खाली येते आणि औषध मात्र जुन्याच मापानं चालू राहतं. घरात ग्लुकोमीटर ठेवा. ७० च्या खाली आकडा आला तर तो कमीच. तेव्हा काय घ्यायचं ते सहाव्या पायरीत आहे.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नावाची मधुमेहाची गोळी चालू असेल आणि श्वासाला नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असं एकत्र दिसलं, तर साखरेचा आकडा चांगला असला तरी रक्तात आम्ल साचलेलं असू शकतं. मीटरवर १४० दिसलं म्हणून निश्चिंत राहू नका. ही वेळ थेट दवाखान्याची आहे.

आणि छातीत दाब येऊन घाम फुटला तर तो कोणाच्याही बाबतीत हृदयाचा समजायचा.

तपासा: वरचं यातलं काहीच नाही? मग पुढे चला.

२. तीन दिवस वही ठेवा: वास कुठून येतो?

"अंगाला वास येतो" एवढ्यानं काही कळत नाही. वास तोंडाचा असतो, काखेचा असतो, घडीचा असतो, पोटातल्या वाऱ्याचा असतो, आणि पुष्कळदा फक्त कपड्याचा असतो. प्रत्येकाचा उपाय निराळा.

सकाळी आंघोळ करून, अंग पूर्ण कोरडं करून धुतलेला सुती कपडा घाला. ३ तासांनी मोरीत जा. कापसाचे ५ बोळे घ्या आणि एकेका जागी एकेक फिरवा: दोन्ही काखांना मिळून एक, स्तनांखाली किंवा छातीच्या घडीत एक, पोटाच्या घडीत एक, जांघेत एक, बेंबीत एक. वेगवेगळ्या कागदावर ठेवा, वर नाव लिहा आणि एकेक करून हुंगा. किळस वाटेल, पण हे २ मिनिटांचं काम महिन्याभराच्या औषधाचा खर्च वाचवतं.

मग घरातल्या एका खरं बोलणाऱ्या माणसाला विचारा. आपल्याच अंगाच्या वासाला आपलं नाक सरावतं, आणि घाबरलेल्याला नसलेला वासही येतो. मी माझ्या धाकट्या बहिणीला विचारायचे, "खरं सांग, मना आंगना वास येस का वं?" ती स्पष्ट सांगायची. दहातल्या सहा वेळा उत्तर नाही असायचं.

वास कसा आहे तेही लिहा. नेलपॉलिशच्या पाण्यासारखा किंवा पिकून उतरलेल्या फळासारखा असेल तर शरीर चरबी जाळतंय, तो श्वासातून आणि थोडा घामातून येतो. मुतारीसारखा उग्र असेल तर बहुधा पाणी कमी पडतंय. आंबट, पिठूळ, खमीर आल्यासारखा आणि घडीतून येणारा असेल तर बुरशी. कांद्यासारखा काखेचा असेल तर तो नेहमीचा, जंतूंनी घाम कुजवल्याचा. घाम मुळात बिनवासाचाच असतो. काखेतल्या आणि जांघेतल्या ग्रंथींचा स्राव जंतू खातात, तेव्हा वास सुटतो.

वहीत वेळही लिहा. जेवणानंतर किती मिनिटांनी घाम आला हा आकडा सहाव्या पायरीत लागणार आहे.

३. धुणं: दिवसातून दोनदा पुरे, पण क्रमानं

आपल्याकडे कितीतरी गावांत नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं. त्यामुळे "भरपूर पाण्यानं आंघोळ करा" या सल्ल्याला अर्थ नाही, आणि गरजही नाही. एका बादलीत नीट काम होतं.

टाके ओले असतील, खपली असेल तर आंघोळ कधीपासून करायची हे सर्जन सांगतील तसंच. तोपर्यंत ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

नंतर मात्र आधी घड्या, मग काखा, मग जांघा, शेवटी बाकीचं अंग. लोक उलट करतात: डोक्यावरून पाणी, हातापायाला साबण, आणि पाणी संपत आलं की घड्यांवरून नुसता ओला हात. घडी एका हातानं उचलून धरा, बोटांनी सौम्य साबणाचा फेस आत फिरवा, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत तांब्यानं पाणी सोडा. आत राहिलेला साबणही कातडी सोलतो. बेंबी विसरू नका. वजन उतरल्यावर ती खोल आणि आडवी होते, तिच्यात मळ साचतो आणि वास कुठून येतोय ते कळत नाही.

घासू नका. दगड, काथ्या, नायलॉनची जाळी घड्यांना लावायची नाही.

सावधान: बेसन, उटणं, मुलतानी माती घड्यांत घालू नका, कण आत राहतात. लिंबू आणि खाण्याचा सोडा काखेला चोळण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. त्यानं भाजल्यासारखी कातडी झालेल्या दोन बायका मी स्वतः पाहिल्या आहेत. जंतुनाशक द्राव पाणी न घालता लावणंही तितकंच वाईट.

४. सुकवणं: सगळं इथेच अडतं

माझ्या मते वासाचं निम्मं दुखणं या एका पायरीत मिटतं, आणि हीच पायरी लोक अर्ध्या मिनिटात उरकतात.

वजन उतरल्यावर कातडी सैल पडते, घडी घडीवर टेकते. मधे हवा जात नाही. ऊब, ओल आणि घर्षण तिन्ही एकत्र आलं की बुरशीला आयतं घर मिळतं. तुम्ही कितीही स्वच्छ राहा, ओली घडी मिटली की संध्याकाळपर्यंत वास येणारच.

असं करा:

१) मऊ सुती कपडा घ्या. जाड टर्किश टॉवेल नको, तो घडीच्या तळाशी पोचत नाही. जुन्या लुगड्याचे किंवा पंच्याचे वीतभर तुकडे फाडून धुवून ठेवा. असे दहा-बारा तुकडे असले की रोज नवा घेता येतो.

२) कपडा दाबा आणि उचला. पुसू नका, चोळू नका.

३) घडी उचलून धरून टेबलफॅनसमोर ३ ते ५ मिनिटं थांबा. पोटाची घडी मोठी असेल तर आडवं पडून वर ओढून धरा. केस सुकवायचं यंत्र वापरायचं असेल तर फक्त गार हवेवर.

४) बोटाची मागची बाजू आत फिरवून बघा. चिकट लागली तर अजून २ मिनिटं.

५) मगच कपडे.

आता कूलरविषयी. खान्देशात उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही, मान्य. पण बंद खोलीत पाण्याचा कूलर चालवला की हवा दमट होते, आणि दमट हवेत घडी सुकत नाही. खिडकी फटभर उघडी ठेवा म्हणजे ओली हवा बाहेर जाईल, आणि अंग सुकवताना कूलरचा पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

दिवसा घडी ओली होत असेल तर तेच लुगड्याचे तुकडे कामाला येतात. एक थर, सपाट, घडीच्या आत ठेवा आणि एक टोक बाहेर राहू द्या म्हणजे ओल बाहेर ओढली जाते. दर ३-४ तासांनी बदला. ओला तुकडा आत ठेवून झोपलात तर फायदा तर नाहीच, चिरा पडतील.

पोटाचा पट्टा दिला असेल तर त्याच्याखाली सुती बनियन हवीच. दोन पट्टे ठेवा, एक धुवून वाळत असताना दुसरा. पट्टा किती दिवस बांधायचा ते सर्जनला विचारा. मुदत संपल्यावरही सवयीनं महिनोन्महिने बांधणारे पुष्कळ आहेत.

तपासा: ४ दिवस असं केल्यावर पुन्हा कापसाच्या बोळ्यांची परीक्षा घ्या. घडीचा वास निम्म्यानं कमी झाला असेल. लाली तशीच असेल, तर पुढची पायरी.

५. लावणं: कुठे काय, आणि कधी

काखेसाठी दोन निराळ्या वस्तू मिळतात आणि दोन्हीला आपण डिओच म्हणतो. साधा डिओ वास झाकतो. अँटिपर्स्पिरंट घामाच्या नळीचं तोंड काही काळ बंद करतं, त्यात अॅल्युमिनियमचा क्षार असतो. घाम खरोखर जास्त असेल तर दुसरी वस्तू हवी, आणि ती रात्री लावायची. सकाळी आंघोळ करून लगेच लावली तर घामाबरोबर वाहून जाते. रात्री काखा पूर्ण कोरड्या करा, पातळ थर लावा, वाळू द्या, झोपा, सकाळी धुवा. पहिला आठवडा रोज, मग आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. त्यानंही भागलं नाही तर त्वचेचे डॉक्टर २० टक्क्यांचं अॅल्युमिनियम क्लोराइड लिहून देतात, तेही रात्रीच लावायचं. केस काढल्याच्या दिवशी, चिरलेल्या कातडीवर आणि लाल झालेल्या घडीत यातलं काहीच लावू नका.

वास जास्त आणि घाम बेताचा असेल तर मुरुमांसाठी मिळणारा बेंझॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश, २.५ किंवा ५ टक्क्यांचा, काखेला लावून २ मिनिटं ठेवून धुवायचा. वास करणारे जंतू त्यानं कमी होतात. जळजळ झाली तर एक दिवसाआड करा. पांढराच टॉवेल वापरा, रंगीत कापडावर त्याचे पांढरे डाग पडतात आणि जात नाहीत.

आपली तुरटी? धड कातडीच्या काखेला चालते. ओली करून हलकी फिरवायची, वाळू द्यायची. घडीतल्या चिरेला लावली तर डोळ्यांतून पाणी येईल आणि उपयोग शून्य.

घडीत लाली, खाज, कडेला बारीक पुटकुळ्या असतील तर ती बहुधा बुरशी. क्लोट्रिमाझोल १ टक्क्याचं मलम सकाळ-संध्याकाळ, सुकवल्यावर, पातळ. चट्टा गेल्यासारखा दिसला तरी आणखी आठवडाभर लावा. तिसऱ्या दिवशी खाज थांबली म्हणून ट्यूब बाजूला टाकतात आणि पंधरा दिवसांत चट्टा परत येतो. २ आठवड्यांत फरक नसेल, पू, दुर्गंधी स्राव, गरमपणा किंवा ताप असेल तर डॉक्टर. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचेची ओपीडी आहे, तिथे दाखवायला लाजू नका.

सावधान, आणि हे मी कळकळीनं सांगते: मेडिकलच्या काउंटरवर "खाजेची ट्यूब द्या" म्हणून मागू नका. अशा कित्येक ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ट्यूबवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे शब्द दिसले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घडीत लावू नका. दोन दिवसांत आराम पडतो म्हणून लोक महिनोन्महिने लावतात. घडीतली कातडी पातळ होते, तांबडे ओरखडे उमटतात ते जात नाहीत, आणि बुरशी आतल्या आत पसरते. सैल पडलेल्या कातडीला हे सोसत नाही.

पावडर लावायचीच असेल तर पूर्ण कोरड्या अंगावर, चिमूटभर, घडीच्या बाहेर. आत नाही.

६. ताट: जेवणानंतरचा घाम

वहीत लिहिलेली वेळ आता बघा.

जेवल्यावर १० ते ३० मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब: गोड किंवा पातळ अन्न आतड्यात एकदम उतरल्यामुळे. १ ते ३ तासांनी थंड घाम, थरथर, भूक: साखर आधी एकदम चढून मग खाली कोसळल्यामुळे. दोन्हीला डंपिंग म्हणतात. बायपासवाल्यांना हे जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही होतं.

मला ऑपरेशननंतरच्या पहिल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झालं. घरात मांडे, आमरस, सगळे आग्रह करत होते. मी वाटीभरच रस घेतला, मांड्याचा पाव तुकडा. दीड तासानं कूलरसमोर बसले असताना मानेवरून थंड घाम उतरायला लागला, ब्लाउज पाठीला चिकटला, हातातला पेला थरथरत होता. घरचे म्हणाले ऊन लागलं, कांदा फोडून हुंगायला आणला. मीटरवर आकडा होता ५८. त्या दिवशी मीटर घरात नसतं तर मला उन्हाचंच औषध मिळालं असतं.

असं झालं तर बसून घ्या, गाडी चालवू नका, १० ते १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि आकडा वर आल्यावर थोडं पनीर किंवा उकडलेलं अंडं खा. नुसतं गोडच घेत राहिलात तर तासाभरात पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवा.

होऊ नये म्हणून ताटातला क्रम बदला. आधी प्रथिनं: अंडं, पनीर, मटकी, घट्ट वरण. मग भाजी. शेवटी कळण्याच्या भाकरीचा चतकोर. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. केळीच्या गावात राहून केळं सोडा असं मी म्हणणार नाही, पण पिकलेलं केळं रिकाम्या पोटी एकटं खाऊ नका. जेवणाच्या शेवटी अर्धं, चावून. उसाचा रस, गुळाचा चहा, कोकमाचं गोड सरबत, बाटलीतली थंड पेयं बंद.

तिखटाचं वेगळं. शेवभाजीची तर्री पोटात गेली की डोक्याला, वरच्या ओठाला घाम येतो, तो तिखटाचा घाम आहे, डंपिंगचा नाही. वांग्याच्या भरितात मिरची निम्मी करून बघा. चव जात नाही, लहान झालेल्या पोटालाही बरं.

७. पाणी: घोट मोजून

पाणी कमी पडलं की घाम दाट, लघवी गडद आणि दोन्हीला उग्र वास. पण आता पोटात तांब्याभर पाणी एकदम मावत नाही. उन्हातून आल्यावर घटाघटा प्यायलात तर उलटी होईल.

१ लिटरची बाटली घ्या, तिच्यावर मार्करनं वेळा लिहा: ८, ९, १०, ११. त्या वेळेला पाणी त्या रेषेपर्यंत उतरलं पाहिजे. दिवसाला दीड ते २ लिटर हे साधारण माप, उन्हात काम असेल तर थोडं वाढवून. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांचं माप चालेल, माझं नाही. जिरं-मीठ घातलेलं पातळ ताक पाण्यात धरायला हरकत नाही, आणि घामातून गेलेलं मीठही भरून निघतं.

तपासा: लघवीचा रंग वाळलेल्या गवतासारखा फिकट हवा. मात्र जीवनसत्त्वाची गोळी घेतल्यावर काही तास ती पिवळीजर्द दिसते आणि गोळीसारखा वासही येतो, त्याला घाबरू नका. रंग गोळी घेण्याआधी बघा.

८. तोंडाचा वास

पहिल्या ३ ते ६ महिन्यांत वजन भराभर उतरतं, चरबी जळते, त्यातून अॅसिटोन तयार होतं आणि श्वासातून बाहेर पडतं. तो दात घासून जात नाही, कारण तो फुफ्फुसातून येतो. खाणं हळूहळू वाढलं की कमी होतो.

या काळात सगळ्यात मोठी चूक म्हणजे वास प्रथिनांमुळे येतो असं समजून प्रथिनांची पावडर बंद करणं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हे साधारण लक्ष्य असतं. तोडलीत तर केस आणि स्नायू जातील, वास तसाच राहील. उलट काही जण वजन लवकर उतरावं म्हणून ठरवून दिलेली चतकोर भाकरीही सोडतात, त्यानं वास वाढतो. आहारतज्ज्ञांनी दिलेलं ताट पूर्ण खा.

जीभ रोज सकाळी मागून पुढे पट्टीनं साफ करा. तोंड कोरडं पडू देऊ नका. बडीशेप, वेलदोडा चालतो. साखर नसलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या दिवसाला एक-दोनच, जास्त झाल्या तर पोट फुगतं. उलटी झाली असेल तर लगेच ब्रश करू नका, चूळ भरा आणि अर्धा तास थांबा. आंबट ढेकर, घशाशी येणं यासोबत वास असेल तर तो पोटातून येतोय, डॉक्टरांना सांगा. उलट्या २-३ दिवस थांबत नसतील तर नक्कीच, कारण बी-१ जीवनसत्त्व झपाट्यानं संपतं आणि मेंदूवर परिणाम होतो.

पोटातल्या वाऱ्याला घाण वास असेल तर ५ दिवस दूध बंद करून त्याऐवजी दही-ताक घ्या. फरक पडला तर दुधातली साखर पचत नाही. प्रथिनांची पावडरही आयसोलेट प्रकारची, म्हणजे दुधातली साखर जवळजवळ काढून टाकलेली, मागा. संडास तेलकट, तरंगणारी आणि फार दुर्गंधी असेल तर चरबी पचत नाहीये. हे घरी सुटणारं नाही, तपासणी लागते.

९. कपडे

धुतलेला ब्लाउज घालून अर्ध्या तासात वास आला तर दोष कपड्याचा. पॉलिएस्टरमध्ये वास मुरतो. काखेची बाजू उलटी करून अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घातलेल्या बादलीत अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखं धुवा आणि उलटंच कडक उन्हात वाळवा. ऊन आपल्याकडे फुकट आहे. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

आतले कपडे सुती, रोज दोन जोड. वजन उतरत असताना जुन्या मापाची ब्रा वापरू नका, तिच्या पट्टीखाली घडी पडते. मांड्या घासत असतील तर सुती लांब चड्डी घाला. पुरुषांनीही, लाजण्यासारखं काही नाही.

एसटीनं किंवा रेल्वेनं जाताना पिशवीत लुगड्याचे ४ कोरडे तुकडे, एक जादा बनियन आणि वापरलेले तुकडे ठेवायला प्लास्टिकची पिशवी. लग्नात पंगतीआधी एकदा आडोशाला जाऊन तुकडा बदलला की संध्याकाळ निभावते. माझी नणंद अशीच गेली आणि हळदीलाही थांबली.

१०. महिन्यानंतरही घाम तसाच असेल तर

औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. थायरॉइडची गोळी जुन्या वजनाच्या मापानं चालू असेल तर आता ती जास्त होत असू शकते, आणि जास्त झाली की घाम व धडधड. नैराश्याच्या काही गोळ्यांनीही घाम वाढतो. कोणतीही गोळी स्वतः बंद करू नका. रात्री अंथरूण भिजेल इतका घाम आणि बारीक ताप असेल तर त्याची वेगळी तपासणी लागते.

घडीतले चट्टे पुन्हा पुन्हा येत असतील तर जादा कातडी काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारता येतं. त्यासाठी वजन किमान ६ महिने एका जागी थांबलेलं हवं, आणि ते बहुधा पहिल्या ऑपरेशननंतर दीड वर्षाच्या आसपास जमतं. चट्टा दिसेल तेव्हा प्रत्येक वेळी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तारखेसह. डॉक्टरांची वेळ डिसेंबरात मिळते, तेव्हा थंडीनं घडी कोरडी आणि कातडी साफ असते, आणि "काहीच तर दिसत नाही" म्हणून आपण परत येतो. मे महिन्यातले फोटो आणि ती वही समोर ठेवा.